नानांचा अर्धा मिनिट

माझ्या मावशीला माझं काम काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. अमळनेरच्या आमच्या गल्लीत ती सगळ्यांना सांगायची, आमची पोरगी जळगावला कॉम्प्युटरवर केळी पिकवते. मी आधी चिडायचे, मग समजावून सांगायला लागले, आणि पुढे पुढे नुसती मान हलवायला लागले. आता नोकरीतून मोकळी होताना वाटतं, मावशीचं फारसं चुकत नव्हतं.

जळगावला पंपाच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस. मालकांना सगळे भाऊ म्हणायचे. इन मीन सहा माणसं, आणि काम एकच: केळी पिकवायच्या चेंबरना अक्कल पुरवायची. केळीचा घड झाडावरून उतरतो तेव्हा हिरवागार आणि दगडासारखा असतो. तो मोठ्या बंद खोलीत ठेवून, गॅस सोडून, चार-पाच दिवस थंडाव्यात पिकवतात. थंडावा अठराच्या आसपास हवा. फार गार झालं तर साल काळी पडते, तापलं तर गर आधी शिजतो आणि रंग मागाहून येतो. त्या खोलीबाहेर भिंतीवर आमची एक डबी असायची. डबीतला प्रोग्रॅम तापमान बघायचा, कूलिंग चालू-बंद करायचा आणि काही बिनसलं तर मालकाच्या फोनवर मेसेज धाडायचा. प्रोग्रॅम जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला. ते नाव ऐकून घाबरू नका, मीही ते बी.एस्सी. झाल्यावर बऱ्याच वर्षांनी शिकले, आणि तेव्हा केस पिकायला लागले होते.

हा प्रोग्रॅम म्हणजे एक लांबलचक पोथी नसते. त्याचे तुकडे असतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात. आमच्याकडे मुख्य तुकडे तीन. एक सेन्सरला विचारून तापमान आणणारा, एक काय करायचं ते ठरवणारा, एक फोनवर कळवणारा. ठरवणारा सगळ्यात महत्त्वाचा, पण तो एकटा लुळा. त्याला आकडा दुसऱ्याने आणून द्यायचा आणि निरोप तिसऱ्याने पोहोचवायचा. माझं काम म्हणजे हा ठरवणारा नीट ठरवतो की नाही ते तपासणं. आता त्याला तपासायचं तर खरी खोली, खरा सेन्सर, खरा फोन दरवेळी कुठून आणणार?

सुरुवातीला आणायचो. म्हणजे नाना आणायचे.

नाना मूळचे शिंदखेडा तालुक्यातले. आधी वायरमन होते, मग भाऊंकडे सेन्सर बसवायला लागले. अंगात खाकी शर्ट, खिशात टेस्टर, आणि हातात लाल झाकणाचा थर्मास. त्या थर्मासात चहा नसायचा, गरम पाणी असायचं. मी जळगावला प्रोग्रॅममध्ये काही बदल केला की नाना धुळ्याच्या एका चेंबरमध्ये जाऊन उभे राहायचे. मी फोनवर म्हणायचे, नाना, खोली तापवा. ते सेन्सरची तार गरम पाण्यात धरायचे. मग डिस्प्लेवर काय दिसतं ते मला वाचून दाखवायचे आणि कूलिंग सुरू झालं की तेही सांगायचे. मी म्हणायचे, आता गार करा. ते बर्फाचा खडा लावायचे. एका बदलाची तपासणी म्हणजे आख्खा दिवस. शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "बठ्ठं ठीक शे, पोरी." त्यांच्या अहिराणीत, सगळं ठीक आहे. ते वाक्य ऐकल्याशिवाय मी जेवायला उठत नसे. नाना त्या थंडीत तासन् तास उभे, आणि मी इकडे पंख्याखाली. पण त्यांची कुरकुर कधी ऐकली नाही.

लोकांचे नमुने तर काय सांगावेत. एकाने सेन्सर दमट हवेत खराब होईल म्हणून खोलीतून काढून देवघरात टांगला होता. समईच्या उबेने तो बिचारा दिवसभर तापलेला, आणि इकडे कूलिंग अखंड चालू. केळी काळी ठिक्कर. वर तो आम्हालाच विचारतो की तुमचं यंत्र देवाला घाबरतं का. नानांनी सेन्सर काढला, परत खोलीत बसवला आणि देवाला नमस्कार करून आले.

गिऱ्हाइकं वाढली तसा हा प्रकार झेपेना. मग भाऊ कुठून तरी शिकून आले की हल्ली अशी तपासणी प्रोग्रॅमच करतो. तुम्ही छोट्या छोट्या टेस्ट लिहून ठेवायच्या, बटण दाबलं की त्या भराभर पळतात, पास झाली की हिरवी खूण, नापास झाली की लाल. आणि खऱ्या सेन्सरच्या जागी मांडायचा एक खोटा. त्याला मॉक म्हणतात.

हे मला कळलं ते आमच्याच पद्धतीने. पूजेला गणपतीची मूर्ती नसली तर आपण काय करतो? तांदळावर सुपारी मांडतो. तोच गणपती. भटजी त्याला स्नान घालतात, गंध लावतात, नैवेद्य दाखवतात, आणि पूजा कुठे अडत नाही. मॉक म्हणजे आमची सुपारी. ठरवणारा तुकडा सेन्सरचा तुकडा मागतो, तेव्हा टेस्टचं अवजार मध्येच उभं राहून त्याच्या हातात खोटा सेन्सर ठेवतं. त्याला फरक कळत नाही. फक्त एक, सुपारी आधी मांडायची. ठरवणाऱ्या तुकड्याने खरा सेन्सर एकदा हाताशी घेतला की मग तुम्ही मॉक मांडून बसा, उपयोग शून्य. संकल्प सुटल्यावर तांदूळ शोधायला निघाल्यासारखी गत. आणि काम झालं की अक्षता टाकून सुपारी हलवायची, म्हणजे मॉक काढून घ्यायचा, नाहीतर एका टेस्टचं सोंग दुसऱ्या टेस्टमध्ये नाचत राहतं. हे दोन नियम शिकायला मला दोन महिने लागले. शिकवायला कुणी नव्हतं, आणि मी विचारणारी बाई नव्हते.

न विचारण्याचा पहिला प्रसाद लगेच मिळाला. मी सेन्सरची सुपारी मांडली, फोनची मांडायची विसरले. टेस्ट लिहिताना नमुना म्हणून नंबर घातला तो साक्रीच्या आमच्या एका गिऱ्हाइकाचा, त्यांना सगळे आबा म्हणत. मी खुशीत टेस्ट पळवत होते, हिरवं-लाल बघत होते, आणि प्रत्येक वेळी खरा मेसेज आबांच्या खऱ्या फोनवर जात होता: चेंबरचं तापमान साठ अंश. साक्रीचा त्या दिवशी आठवडे बाजार. आबा बाजार अर्धा टाकून दहा माणसं आणि ओली पोती घेऊन घरी धावले. मग त्यांचा फोन आला. ते रागावलेही नव्हते. म्हणाले, ताई, मी पोतं भिजवून दारात उभा आहे, आग नेमकी कोणत्या बाजूला आहे तेवढं सांगा. भाऊंनी माझ्या वतीने त्यांची माफी मागितली. तेव्हापासून आमच्या ऑफिसात कुणी टेस्ट लिहायला बसलं की पाठीमागून कुणीतरी हमखास विचारतं, फोनची सुपारी मांडली का?

खोट्या सेन्सरच्या फाइलला नाव द्यायचं होतं. जे काम नाना चेंबरमध्ये उभं राहून करायचे तेच ही फाइल करणार होती, म्हणून मी फाइलला नाव दिलं 'नाना'. टेस्ट सगळ्या पास झाल्या की स्क्रीनवर शेवटी एक ओळ यायची, 'नाना: बठ्ठं ठीक शे'. भाऊ खूप हसले. नाना एकदा ऑफिसात आले तेव्हा मी कौतुकाने त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, स्क्रीनजवळ वाकले आणि विचारलं, मी आठे काय सांगस? मी म्हटलं, नाना, तुम्ही इथे सांगता अठरा. टेस्टला हवं असेल तर पंचवीस, नाहीतर दहा.

"आनि लाईट गई का?"

मी म्हटलं, नाना, इथे लाईट जात नाही.

ते हसले. "मंग मी देव व्हई गऊ," म्हणाले. मग खुर्चीवर बसून त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, आणि ती मी त्यांच्या तोंडून शब्दन् शब्द ऐकली म्हणून आजही मला तशीच्या तशी पाठ आहे. "लाईट ऊनी का तुन्हं यंतर अर्धा मिनिट खोटं बोलस. मी थांबस, मंग सांगस."

म्हणजे असं, की लाईट जाऊन परत आली की तो सेन्सर जागा व्हायला अर्धा मिनिट घ्यायचा, आणि तोवर डिस्प्लेवर शून्य दाखवायचा. नानांना ते माहीत होतं. धुळ्यात दिवसातून चारदा लाईट जायची. पण फोनवर त्यांनी मला ते शून्य कधीच वाचून दाखवलं नाही. आकडा स्थिर होईपर्यंत ते थांबायचे आणि मग सांगायचे. अर्धवट बातमी कुणाला द्यायची नाही हा त्यांचा स्वभाव. गावात कुणाचं दुखलं-खुपलं तरी पूर्ण कळल्याशिवाय ते तोंड उघडायचे नाहीत. माझ्या प्रोग्रॅमने इतक्या वर्षांत ते शून्य तपासणीत एकदाही बघितलं नव्हतं, कारण मध्ये नाना उभे होते. मला वाटत होतं मी सेन्सरचा मॉक केलाय. मी केला होता नानांच्या भलेपणाचा.

हे शहाणपण आजचं. त्या दिवशी मी म्हटलं, बरं नाना, बघते. आणि बघितलं नाही. लाज वाटते लिहायला, पण मला तेव्हा वाटलं, वायरमन माणूस, त्याला काय कळतंय मॉकमधलं. मी स्वतः खेड्यापाड्यांतून अपडाउन करून शिकलेली, कंदिलाच्या उजेडात अभ्यास केलेली, आणि मीच लाईट न जाणारं जग रचून बसले होते.

त्यानंतर नाना निवृत्त होऊन गावी गेले. चेंबरवाल्यांचे फोन मात्र त्यांनाच जायचे.

तापीकाठी चोपड्याच्या अलीकडे एक गाव आहे. तिथल्या एका अक्कांनी चेंबर बांधायचं ठरवलं. शेती स्वतः बघणाऱ्या, पन्नाशीच्या, नवरा गेलेला. घरची केळी हिरवीच दुसऱ्याच्या हाती द्यायची नाहीत, आपण पिकवायची, हा त्यांचा हट्ट. त्यांचे दीर याच्या पार विरुद्ध. जागा एकत्र कुटुंबाची. पंचांसमोर ठरलं की पहिला लॉट नीट उतरला तर चेंबर अक्कांचं, नाहीतर यंत्रं काढायची आणि खोलीत चारा भरायचा. अक्कांनी कुणाचं यंत्र घ्यावं ते नानांना विचारलं. नानांनी आमचं नाव सांगितलं. अक्कांनी आमचं माहितीपत्रक उघडूनसुद्धा बघितलं नाही. नाना म्हणाले ना, झालं.

पहिला लॉट भरला. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कांचा मला फोन. म्हणाल्या, ताई, मोबाइलवर सारखा मेसेज येतोय की चेंबर फार थंड आहे, पण मी दार किलकिलं केलं तर आतून घमघमाट आला. इतक्या लवकर वास यायला नको. गरम वाटतंय.

मी कॉम्प्युटरवर बसलेली. माझ्याकडे त्यांच्या चेंबरचा प्रोग्रॅम होता. मी बटण दाबलं. सगळ्या टेस्ट हिरव्या. खाली ओळ आली, नाना: बठ्ठं ठीक शे. मी अक्कांना म्हटलं, आमच्याकडे सगळं हिरवं दिसतंय, तुम्ही दार उघडू नका, थोडं थांबा.

केळीत जन्म गेलेल्या बाईच्या नाकापेक्षा मी माझ्या हिरव्या खुणांवर विश्वास ठेवला. अक्का थांबल्या. माझ्या शब्दावर संध्याकाळपर्यंत थांबल्या. मग त्यांनी नानांना फोन केला.

त्या दिवशी झालं होतं ते इतकंच. गावात लाईट तासातासाला जात-येत होती. दरवेळी आली की सेन्सर अर्धा मिनिट शून्य बोलायचा. माझा ठरवणारा तुकडा ते खरं मानायचा: खोली गोठली, केळी काळी पडतील, दोन तास कूलिंग बंद. ते दोन तास संपायच्या आत पुन्हा लाईट जायची, पुन्हा यायची, पुन्हा शून्य. एरवी दोन तास संपून कूलिंग परत लागायचं, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं; त्या दिवशी दिवसभर ते लागलंच नाही. आणि फोन इमानदारीने कळवत होता की खोली थंड आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात पाऊल टाकते तोच नानांचा फोन. ते पहाटेच्या गाडीने अमळनेरला आणि तिथून एसटीने अक्कांकडे पोहोचले होते. सत्तरी ओलांडलेला, गुडघे दुखणारा माणूस. फोनवर इतकंच म्हणाले, पोरी, आठे ये. मी लॅपटॉप उचलला आणि चोपड्याची बस धरली. वाटेत मला त्यांचं ते वाक्य आठवलं, अर्धा मिनिट खोटं बोलस. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, नाही वाटत.

पोहोचले तर नानांनी आमची डबी बाजूला काढून कूलिंग हाताने चालू केलेलं, दोन्ही दारं उघडून घाण हवा घालवलेली, आणि अक्कांच्या चार बाया क्रेट वेगळे करत होत्या. वरच्या थरातली केळी गेली होती. मऊ, शिजल्यासारखी. मधली आणि खालची अजून हाताशी होती. अक्का एकेक फणी उचलून दाबून बघत होत्या आणि ठेवत होत्या. मला बघून त्यांनी नुसतं पाणी दिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात दीर आले, आणि त्यांच्या मागे पंचांपैकी दोघे. दारातला ढीग बघून दीर म्हणाले, झालं? बाईच्या हातचं काम असं असतं. मी तोंड उघडणार, तोच नाना त्या ढिगापाशी जाऊन उभे राहिले. हातात शिजलेली फणी घेतली. आवाज चढवला नाही.

"खोटं यंतर बोलनं. बाई नही."

मग त्यांनी पंचांना सगळं समजावलं. बाईने दुपारीच ओळखलं होतं, वासावरून. यंत्रवाल्यांनी तिला थांबवलं. यंत्र मी सांगितलं होतं, नाना म्हणाले, तेव्हा दोष माझा. हिच्या नाकाचं ऐकलं असतं तर एकही फणी गेली नसती. हे सगळं ते आमच्या वतीने, म्हणजे माझ्या वतीने, स्वतःच्या डोक्यावर घेत होते. मी मागे उभी होते. शेवटी मी पुढे झाले आणि म्हटलं, नानांनी मला हे आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चूक माझी एकटीची. पंचांनी एकमेकांकडे बघितलं. म्हातारे पंच म्हणाले, उरलेला माल उतरू द्या, मग बोलू. दीर पाय आपटत गेले.

नाना दोन दिवस तिथून हलले नाहीत. सेन्सरकडे न बघता थर्मामीटरवर बघून ते कूलिंग चालवत होते आणि अक्का वासावर. त्यांचं एकमेकांत न बोलता जमत होतं. दुपारी नाना उलट्या क्रेटवर बसले, समोर दुसरा क्रेट सरकवला आणि मला म्हणाले, आते लिख.

मी लॅपटॉप मांडीवर घेतला. माफीबिफी मागायचं मनात होतं, ते त्यांनी होऊच दिलं नाही. "मन्हं सोंग लेवानं व्हई ते मन्हासारखं ले," म्हणाले. माझं सोंग घ्यायचंच असेल तर माझ्यासारखं घे.

आणि मग ते सांगत गेले, मी लिहीत गेले. लाईट गेली. लाईट आली, अर्धा मिनिट शून्य. लाईट आली पण एकच फेज आली. उंदराने तार कुरतडली, आकडा नाचतोय. कुणीतरी सेन्सरवर ओला टॉवेल वाळत घातला. दार उघडं राहिलं. सेन्सर देवघरात नेला. हेही त्यांनी घालायला लावलं, आणि लिहिताना आम्ही दोघेही हसलो. चाळीस वर्षं वायरींमध्ये हात घालून त्या माणसाने जे जे बघितलं ते सगळं 'नाना' नावाच्या फाइलमध्ये उतरत होतं. संध्याकाळी मी तिथेच बसून बटण दाबलं. पहिली ओळ लाल. दुसरी लाल. माझ्या प्रोग्रॅमची लक्तरं वेशीला टांगलेली, आणि मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. खोटं हिरवं बघून खरं लाल बघितलं की कसं वाटतं ते माझ्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी ठरवणारा तुकडा दुरुस्त केला. लाईट आल्यावर त्याने अर्धा मिनिट थांबायचं, मगच आकडा खरा मानायचा. म्हणजे नानांसारखं वागायचं.

उरलेला माल पिवळाधमक उतरला. म्हाताऱ्या पंचांनी एक केळ सोललं, खाल्लं, साल अक्कांच्या दिरांच्या हातात ठेवली आणि निघून गेले. चेंबर अक्कांचं राहिलं. चारा कधी भरला गेला नाही.

एक गोष्ट मी तेव्हा केली, ती धंद्याच्या नियमात बसत नव्हती. टेस्टमध्ये अर्धा मिनिट थांबायचं तर खरोखर थांबत नाहीत. घड्याळाचाही मॉक करतात. खोटं घड्याळ मांडायचं, त्याला म्हणायचं तीस सेकंद झाले, आणि ते झाले. मला हे येत होतं. पण मी केलं नाही. नानांच्या टेस्टना मी खरा अर्धा मिनिट थांबू दिलं. बाकीच्या टेस्ट दोन सेकंदांत पळायच्या, आणि मग स्क्रीन गप्प. मी हात मांडीवर ठेवून बसायचे. मग ओळ यायची, नाना: बठ्ठं ठीक शे. नाना गेले त्यानंतर तर त्या अर्ध्या मिनिटाला मी कुणाला हात लावू दिला नाही. विचारलं की सांगायचे, राहू द्या, कारण आहे.

आता दिवाळीआधीची गोष्ट. अक्कांची चेंबरं एकाची सहा झाली आहेत. प्रत्येकाची घडण वेगळी, त्यामुळे प्रत्येकासाठी नानांच्या टेस्ट वेगळ्या पळतात, आणि प्रत्येक नाना खरोखर थांबतो. प्राजक्ता म्हणून आमच्याकडे हुशार मुलगी आहे, माझं काम तीच पुढे बघणार. तेव्हा तिने अक्कांसाठी एक सुधारणा केली आणि पाठवायच्या आधी मला दाखवली. मी सवयीने विचारलं, नाना काय म्हणाले? ती खरं बोलली. म्हणाली, ताई, दिवसातून पन्नासदा बटण दाबावं लागतं आणि नानांच्या टेस्ट दरवेळी तीन मिनिटं घेतात, घाईत असलं की आम्ही त्या वगळून बाकीच्या पळवतो. सगळेच वगळतात.

मी तिच्यादेखत त्या पळवल्या. एकेक नाना थांबत गेला. चौथ्या चेंबरची ओळ लाल आली. लाईट आली, अर्धा मिनिट शून्य. प्राजक्ताच्या सुधारणेत तेवढं थांबणं निसटलं होतं. ते तसंच अक्कांकडे गेलं असतं.

प्राजक्ताला रागवायचा मला काय अधिकार? नानांचं ऐकू येऊ नये अशी सोय मीच करून ठेवली होती, त्यांच्याच आठवणीसाठी. एकदा ऐकलं नाही ते मस्तीत, या वेळी मायेत. अक्कांच्या केळ्यांना दोन्ही सारखंच.

तिने चूक दुरुस्त केली. मग मी तिला बाजूला सरकायला सांगितलं आणि स्वतः खुर्चीवर बसले. फाइल उघडली, नाना. खोटं घड्याळ मांडायला चार ओळी पुरतात. ठरवणारा तुकडा उघडायच्या आधी मांडायचं, काम झालं की हलवायचं. मी त्या चारही लिहिल्या. प्राजक्ताने विचारलं, ताई, नक्की? मी बटण दाबलं. सहाही चेंबरं दोन सेकंदांत आटोपली, सगळं हिरवं, आणि लगेच खाली ती ओळ.

नाना: बठ्ठं ठीक शे.

प्राजक्ताने सुधारणा अक्कांना पाठवून दिली आणि उठून गेली. मी हात मांडीवर ठेवून अर्धा मिनिट तशीच बसून राहिले.